बाई, आई आणि एक जून

कोल्हापुरात तीस-पस्तीस वर्षे शाळेत शिकवलेल्या आणि त्याच काळात स्वतःची दोन मुलेही वाढवलेल्या बाईंची चरित्रे दोन असतात. एक विद्यार्थी सांगतात, दुसरे पोटची मुले. दोन्हींत नाव, पेठ, चष्मा आणि स्कूटी सारखी असते. बाकी फारसे काही जुळत नाही. विद्यार्थ्यांच्या मते बाईंनी त्यांच्यावर आईसारखी माया केली. पोटच्या मुलांच्या मते आई त्यांच्याशी बाईंसारखी वागली. विद्यार्थ्यांना मधल्या सुट्टीत बाईंनी पुढे केलेला डबा आठवतो. मुलांना आठवते ते तो डबा भरून झाल्यावर कढईत उरलेले. शोकसभेत पहिलेच चरित्र वाचले जाते, कारण तिथे माइक माजी विद्यार्थ्यांच्या हातात असतो आणि मुलांच्या वाट्याला फक्त आभार येतात. खरे तर दुसरे चरित्र अधिक विश्वसनीय. ते दिवसकार्य उरकल्यावर, घरची माणसे कपाट आवरायला बसली की सांगितले जाते, आणि त्याला टाळ्या नसतात.

अशा दुहेरी चरित्राचा पहिला नमुना पुण्याचा. सावित्रीबाई फुले यांनी १८४८ मध्ये भिडेवाड्यात मुलींना शिकवायला सुरुवात केली. पुढे फुले दाम्पत्याने यशवंतला दत्तक घेतले, तो डॉक्टर झाला, आणि १८९७ च्या प्लेगात रुग्णांची सेवा करता करता सावित्रीबाई गेल्या. कोल्हापूरचा नमुना रखमाबाई केळवकर यांचा. संस्थानातल्या मुलींच्या शिक्षणाचा कारभार आधी मिस लिटल या बाईंकडे होता. त्यांच्यानंतर शाहू महाराजांनी ते पद रखमाबाईंना दिले. रखमाबाईंची मुलगी कृष्णाबाई डॉक्टर झाली. आज सगळे ज्याला सीपीआर म्हणतात, त्या तेव्हाच्या आल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलात तिने काम केले आणि महाराजांनी तिला पुढच्या शिक्षणासाठी विलायतेला धाडले. म्हणजे बाई दोन, डॉक्टर दोन. कोल्हापूरकराला नियम ठरवायला एवढा पुरावा पुष्कळ होतो. बाईंच्या मुलाने डॉक्टर व्हायचे, अगदीच नाही जमले तर इंजिनिअर, ही अपेक्षा तेव्हापासून पेठेपेठेत पक्की आहे. या दोन्हींतले काहीच न झालेल्या मुलाची ओळख आवाज जरा खाली आणून, ‘तो पुण्यात असतो’ एवढ्यावर आटोपली जाते.

बाईंची खरी गरज मात्र सक्तीच्या शिक्षणाने निर्माण झाली. शाहू महाराजांनी १९१७ मध्ये संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे आणि मोफत केले. पोराला शाळेत न धाडणाऱ्या पालकाला महिन्याला एक रुपया दंड होता, आणि १९१८ च्या मार्चमध्ये करवीर पेट्यातल्या चिखलीला या योजनेतली पहिली शाळा उघडली. तेव्हाचा रुपया चांगलाच वजनदार. पुढे दंड गेला आणि त्याच्या जागी विनवणी आली. हल्ली गुढीपाडव्याच्या आधी ‘पाडवा, पट वाढवा’ म्हणत शिक्षक घरोघर फिरतात आणि पाच वर्षांच्या उमेदवाराला फुगा देऊन पटावर घेतात. याच शहरात महापालिकेच्या जरगनगरच्या मराठी शाळेत प्रवेश मिळावा म्हणून पालक आदल्या रात्रीपासून रांग लावतात, हेही खरे. त्या रांगेत सतरंजी, थर्मास आणि पुढच्या माणसाविषयीचा संशय असतो. एका शाळेसमोर रांग आणि दुसऱ्या शाळेच्या बाई दारोदार, असे का, याचे उत्तर शिक्षण विभागाकडे असावे. बाईंचे उत्तर सोपे असते : रांगेतला पालक पोराचा अभ्यास घेतो, दारावरचा पालक बाईंनी घ्यावा म्हणतो.

बाई होण्याची पात्रता काळानुसार बदलत गेली. एक पिढी सातवीची फायनल पास होऊन, वेणीची रिबन सुटायच्या आत वर्गावर उभी राहिली. पुढची पीटीसी आणि डी.एड. करून आली. १९९४ च्या महिला धोरणाने सरकारी नोकऱ्यांत बायकांसाठी तीस टक्के जागा राखल्या आणि त्यानंतर स्टाफरूममध्ये हळदीकुंकवाला कोरम मिळू लागला. मग टीईटी, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा, आली. सप्टेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निवृत्तीला पाच वर्षांहून अधिक काळ उरलेल्या, नोकरीतल्या शिक्षकांनाही ती परीक्षा दोन वर्षांत पास होणे बंधनकारक केले. त्यामुळे पंचवीस वर्षे शिकवलेली आई आणि नुकतीच डी.एड. झालेली लेक एकाच परीक्षेच्या तयारीला बसू शकतात. अशा घरात आईने लेकीला ‘मोबाइल ठेव आणि वाच’ म्हणायचे असते, आणि तेच वाक्य लेकीनेही आईला म्हणायचे असते. वडील चहा करतात.

नेमणूक झाली की भूगोल सुरू होतो. कोल्हापूर जिल्ह्यात प्राथमिक शाळेला ‘विद्या मंदिर’ म्हणतात. गावात मुलगे वेगळे शिकत असले तर ‘कुमार’, मुली असल्या तर ‘कन्या’. पहिले मंदिर बहुधा चंदगड, आजरा, शाहूवाडी नाहीतर गगनबावड्याकडे लाभते. गगनबावडा कोल्हापुरापासून ५५ किलोमीटर, पण जुलैमध्ये ते अंतर किलोमीटरमध्ये मोजत नाहीत. तिथे पाऊस एवढा असतो की पटावरची मुले ओली आणि कोरडी अशी दोन रांगांत बसवावी लागतात. तिथून पुढची वीस वर्षे बाई एकेका बदलीने करवीर तालुक्याच्या दिशेने सरकत राहतात. त्यांच्या संसाराची भाषाही त्यामुळे सरकारी होते : सुगम, दुर्गम, अवघड क्षेत्र, संवर्ग एक, संवर्ग दोन. यांतला संवर्ग दोन म्हणजे नवरा-बायको एकत्रीकरण. लग्नात भटजींनी जे एकदा केले ते सिद्ध करायला बाईंना दर बदलीच्या वेळी दोन्ही कार्यालयांतले दाखले आणि अंतराचे प्रमाणपत्र जोडावे लागते. २०१७ पासून बदल्या संगणकावर होऊ लागल्या. आधी बाई वशिला शोधत, आता इंटरनेट शोधतात.

प्रवास बहुतेक वडापचा. एसटी वेळेवर नसते आणि शाळा मात्र असते, म्हणून नऊ माणसांच्या जीपमध्ये सोळावी सीट बाईंची. ती पुढची असते आणि राखून ठेवलेली असते, कारण ड्रायव्हर चौथीत त्यांच्या हाताखाली दोनदा शिकलेला असतो. मांडीवर वह्यांचा गठ्ठा, वह्यांवर पर्स, पर्सवर शेजारणीचे कोंबडे. वह्या तिथेच तपासून होतात. बरोबरची खूण मधूनच पानाबाहेर गेलेली दिसली, तर ती घाटातल्या वळणाची समजावी.

आता एक जून. ग्रामीण महाराष्ट्रात एका विशिष्ट पिढीचा निम्मा समाज १ जूनला जन्मला असे कागदपत्रे सांगतात. कारण वैद्यकीय नाही. आई-बाप पोराला शाळेत घेऊन येत, जन्मतारीख विचारली की ‘बेंदराच्या आधल्या बाजारी’, ‘थोरली म्हस व्याली तवा’ असे सांगत, आणि बाई दाखल-खारिज रजिस्टरात १ जून लिहून मोकळ्या होत. शाळा जूनमध्ये सुरू होते, वय बरोबर बसते, कोणाचे नुकसान नाही. अशा रीतीने आईने जन्म दिला आणि जन्मतारीख बाईंनी दिली. त्या तारखेवर पुढे पासपोर्ट निघाले, सोयरिकी जुळल्या, पत्रिकेतले मंगळ टळले आणि दर १ जूनला फेसबुकने हजारो लोकांना एकाच दमात केक कापायला लावले. सरकारी नियमाप्रमाणे महिन्याच्या एक तारखेला जन्मलेला कर्मचारी आदल्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी निवृत्त होतो. म्हणून ३१ मे रोजी राज्यभरातली कार्यालये एकदम ओस पडतात. हे बाईंच्या अक्षराचे कर्तृत्व. स्वतःच्या दोन मुलांच्या तारखा मात्र बाईंनी तास-मिनिटांसकट बरोबर लिहून ठेवलेल्या असतात आणि त्या मुलांना कोणी सामूहिक शुभेच्छा देत नाही.

वर्गातले काम सर्वांना माहीत आहे, म्हणून त्याच्यावर फार थांबायचे कारण नाही. पाढे, शुद्धलेखन, कविता, शिष्यवृत्ती परीक्षेचे जादा तास. ही परीक्षा आधी चौथी-सातवीला होती, ती २०१६-१७ पासून काही वर्षे पाचवी-आठवीला होती. बाईंची दिवाळीची सुट्टी तेवढी जिथल्या तिथे बुडत राहिली. वर्गाबाहेरचे काम अधिक रंजक. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने शिक्षकांना अशैक्षणिक कामे देता येत नाहीत. अपवाद फक्त तीन : जनगणना, निवडणूक आणि आपत्ती निवारण. वाचताना यादी लहान वाटते. देशात या तिन्हींपैकी एक तरी बारमाही चालू असते, हे नोकरीत गेल्यावर कळते.

निवडणुकीच्या आदल्या रात्री बाई मतदान यंत्र उशाशी घेऊन गावच्या शाळेत झोपतात आणि घरी फोन करून ‘कुकरच्या तीन शिट्ट्या’ एवढाच आदेश देतात. पोषण आहाराची खिचडी पोरांच्या आधी चाखून चव नोंदवहीत शेरा लिहायचा, ही तर रोजचीच जबाबदारी. वीस वर्षे असा शेरा लिहिल्यावर घरच्या आमटीचा पहिला घास घेतानाही बाईंचा हात पेनाकडे जातो. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि पुन्हा २०२१ च्या जुलैमध्ये पंचगंगा पात्राबाहेर आली तेव्हा चिखली-आंबेवाडीसारखी गावे घरे सोडून बाहेर पडली. पूर आला की जिल्ह्यातल्या शाळांची निवारा केंद्रे होतात आणि बाई व्यवस्थापक. पहिली ‘अ’मध्ये माणसे, पहिली ‘ब’मध्ये भांडी, व्हरांड्यात म्हशी. बाईंनी हजेरी घेतलीच. म्हशींचीही घेतली असे सांगतात, पण हा विद्यार्थ्यांच्या चरित्रातला तपशील असल्यामुळे जपून घ्यावा.

भाषेच्या बाबतीत बाईंची दोन रूपे असतात. कोल्हापुरात मुली आणि बायका सर्रास ‘मी आलो’, ‘मी जेवलो’, ‘मी जातो’ म्हणतात, आणि त्यात त्यांना किंवा ऐकणाऱ्याला काही चुकल्याचे वाटत नाही. वर्गात बाई हे खपवून घेत नाहीत. ‘मी आले म्हणावं, गं,’ असे दिवसातून पन्नास वेळा बजावून मुलींची जीभ पुण्याकडे वळवतात. साडेपाचला शाळा सुटते. बाई घराच्या पायरीवर चप्पल काढतात आणि आत आवाज देतात, ‘आलो रं मी! च्या टाक!’

मातृत्वाला सरकारने मोजून वेळ दिला. प्रसूती रजा बरीच वर्षे नव्वद दिवसांची होती, ती २००९ मध्ये १८० दिवसांची झाली. २०१८ मध्ये बालसंगोपन रजाही मंजूर झाली. तोवर पुष्कळ बाईंची बाळे वडापमध्ये वाढून कॉलेजात गेली होती. रजा संपली की बाळ आजीकडे, आजी नसली तर शेजारच्या काकूंकडे, काकू माहेरी गेल्या तर सरळ शाळेत. शिक्षिकेच्या मुलाचा शालेय जीवनाशी परिचय असा सहाव्या महिन्यात होतो. टेबलाच्या खालच्या खणात तो झोपतो, खडू खातो, आणि पहिलीत नाव घालायची वेळ येईपर्यंत त्याला शाळेचा पुरेसा कंटाळा आलेला असतो.

पुढे त्याच शाळेत, त्यातून आईच्याच वर्गात बसण्याची पाळी आली, तर ते प्रकरण या विषयातले सर्वांत गंभीर. घरी ‘आई’ आणि शाळेत ‘बाई’ म्हणायचे असा करार असतो. करार मोडला की वर्ग हसतो. शी लागली, दात पडला किंवा मधमाशी चावली अशा प्रसंगी करार हमखास मोडतो. पक्षपाताचा आरोप नको म्हणून आई पोटच्या पोराला दोन मार्क कमी देते. बाकीची पोरे तरीही ‘पेपर घरात फुटला’ म्हणतातच. म्हणजे मार्क जातात आणि बदनामी राहते. गृहपाठ विसरला तर ‘वही घरी राहिली’ हे जगातले सर्वांत जुने उत्तर त्याला वापरता येत नाही, कारण ती घरात कुठे राहिली आणि त्यात काही लिहिले होते की नाही, हे समोर उभ्या असलेल्या बाईंना ठाऊक असते. मार शाळेत एकदा, घरी एकदा. दुसरा मार पहिल्याबद्दल.

या सगळ्याचा कागदोपत्री पुरावा प्रगतिपुस्तकात मिळतो. त्यात वर्गशिक्षकाची सही आणि पालकाची सही अशा दोन जागा असतात. बाई वर्गात पहिल्या जागी सही करतात, शेऱ्यात ‘गणिताकडे पालकांनी लक्ष द्यावे’ असे लिहितात, प्रगतिपुस्तक घरी आणतात, चष्मा पुसून तो शेरा वाचतात, मुलाकडे रागाने पाहतात आणि दुसऱ्या जागी सही करतात. दोन्ही सह्यांचे वळण वेगळे असते. शाळेतली सही झरझर मारलेली, घरातली जरा सावकाश आणि काळजीत पडलेली.

घरचा कारभार तासिकांवर चालतो. पाच वीसला दूध, साडेपाचला पाणी (पाणी आले तर), सातला डबे. भिंतीवर वेळापत्रक असते आणि त्यात नवऱ्यालाही एक तासिका असते, ती बहुधा दळणाची. किराणा यादीतले ‘तुर’ लाल पेनाने ‘तूर’ होते. लग्नपत्रिका आली की आधी शुद्धलेखन तपासायचे, मग मुहूर्त. ‘आमच्या काकाच्या लग्नाला यायचं हं’ या लाडक्या ओळीखाली बाईंनी ‘यायचं, हं!’ असा स्वल्पविराम आणि उद्गारचिन्ह घालून पत्रिका परत पाठवल्याचे प्रकार घडले आहेत. पाहुणे आले तर ते शांत बसेपर्यंत बाई बोलायला सुरुवात करत नाहीत. आणि रविवारी तांबड्या-पांढऱ्याचा बेत असला तरी आधी दहा शुद्ध शब्द, मग वाटी.

मराठी माणसाने आई कशी असावी हे बरेचसे ‘श्यामची आई’वरून ठरवले. साने गुरुजींनी ते पुस्तक १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात लिहिले. अत्र्यांच्या १९५३ च्या चित्रपटाला राष्ट्रपतींचे पहिले सुवर्णपदक मिळाले. या दोघा मास्तरांनी (अत्रेही मास्तरच) आईची पातळी एवढी उंच नेऊन ठेवली की नोकरी करणाऱ्या बाईंची पंचाईत झाली. श्यामची आई दिवसभर घरी होती. तिला केंद्रप्रमुखांना माहिती पाठवायची नव्हती, पटपडताळणी नव्हती, यू-डायस नव्हते. तिने श्यामला शिकवलेले सगळे बाई आपल्या मुलांनाही शिकवतात, फक्त घाईत. विरोधाभास आणखी पुढे आहे : बाई वर्गात ‘श्यामची आई’मधला धडा शिकवून चाळीस पोरांना रडवतात, त्या वेळी त्यांचा श्याम शेजारच्या काकूंकडे टीव्ही बघत असतो.

कोल्हापूरच्या शिक्षिकांविषयी लिहायचे तर लीलाताई पाटील यांना वगळून चालत नाही. त्या कादंबरीकार ना. सी. फडके यांच्या कन्या, जन्म १९२७ चा. शिक्षक घडवणाऱ्या महाविद्यालयात आयुष्याचा मोठा भाग काढल्यावर त्यांनी १९८५ मध्ये कोल्हापुरात ‘सृजन आनंद विद्यालय’ सुरू केले : शिक्षा नाही, पहिला-दुसरा नंबर नाही, मुलांनी आनंदाने शिकायचे. हे धाडस किती मोठे, ते कोल्हापूर माहीत असलेल्यालाच कळेल. इथे मिसळीच्या तिखटाची चढाओढ असते, म्हशींच्या शिंगांच्या रंगाची असते, गणपतीच्या मिरवणुकीत पुढे कोण याची असते, आणि शाहू स्टेडियमवर दोन तालमींचा फुटबॉल सामना असला की सख्खे मावसभाऊ आठवडाभर बोलत नाहीत. अशा गावात नंबर न काढणारी शाळा काढायची आणि ती चालवून दाखवायची. तिथले मूल घरी आले की आजोबा विचारत, ‘कितवा नंबर?’ मूल सांगे, ‘आमच्यात नसतो.’ आजोबांना ते शेवटपर्यंत पटत नसे. लीलाताई जून २०२० मध्ये गेल्या. टाळेबंदीचे निर्बंध नसते, तर त्यांच्याविषयी बोलायला उठलेल्यांची रांग जरगनगरच्या रांगेपेक्षा लांब झाली असती.

नोकरीची पंधराएक वर्षे झाली की बाई सार्वजनिक मालमत्ता होतात. कपिलतीर्थ मंडईत त्यांना भाजीचा भाव करता येत नाही. मेथीवाला माजी विद्यार्थी निघतो, ‘बाई, ऱ्हाऊ द्या की पैसं’ म्हणतो, आणि बाई पैसे देतातच, वर ‘साडेसतरा आणि बावीस किती?’ असे विचारून त्याला घाम फोडतात. रिक्षावाला भाडे घेत नाही, हवालदार शिट्टी वाजवून मग सलाम करतो, बँकेतला कॅशिअर काउंटरवरून उठून उभा राहतो आणि मागची रांग खवळते. नाव बाईंना कोणाचेच आठवत नाही. आठवते ते असे : ‘तू खिडकीजवळचा. तुझा भाऊ मांजर घेऊन यायचा.’ एवढ्यावर चाळीस वर्षांचा बाप्या विरघळतो. शेजारी उभी असलेली बाईंची मुलगी हे बघत असते. तिला आई घरी नेहमी आधी भावाच्या नावाने आणि मग मोलकरणीच्या नावाने हाक मारून तिसऱ्या प्रयत्नात तिच्या नावापर्यंत पोहोचते.

अठ्ठावन्न पूर्ण झाले की सेवापूर्तीचा समारंभ. शाल, श्रीफळ, पैठणी आणि कोल्हापुरी फेटा. फेटा बाईंच्या अंबाड्यावर बसत नाही. तो दोन शिक्षक मागून धरून ठेवतात आणि फोटोत त्यांचे हात दिसतात. भाषणांत ‘आता बाईंनी कुटुंबाला वेळ द्यावा’ हे वाक्य किमान चौघे बोलतात. कुटुंब पहिल्या रांगेत बसलेले असते आणि थोडे धास्तावते. ती धास्ती योग्य ठरते. पुढच्या महिन्याभरात नातवंडांच्या वह्यांना कव्हरे चढतात, सुनेचे हिंदी वळणाचे ‘ल’ दुरुस्त होतात, सोसायटीच्या नोटिशीवर लाल खुणा दिसू लागतात. सकाळी रंकाळ्यावर फिरताना निवृत्त बाईंचा एक घोळका कट्टा धरून बसतो. त्यात चर्चेचे विषय दोन : महागाई भत्ता आणि गुडघे. माजी विद्यार्थ्यांचे स्नेहमेळावे सुरू होतात, एकसारखे टी-शर्ट घातलेली पन्नाशीची पोरे बाईंसमोर मांडी घालून बसतात आणि हजेरी घ्या म्हणून हट्ट धरतात. बाई हजेरी घेतात. उशिरा आलेल्याला बाहेर उभे करतात. तो आमदार असला तरी.

मग केव्हातरी बाई जातात. कोल्हापुरात महापालिका अंत्यसंस्कार मोफत करते आणि होळीला लोक हौसेने शेणी दान करतात; म्हणून पंचगंगेकाठच्या स्मशानात पैशाची चिंता नसते, गर्दीची असते. रक्षाविसर्जनाची वेळ वर्तमानपत्रात छापून येते आणि सकाळी नऊला तिथे तीन तालमींचे कार्यकर्ते, दोन माजी महापौर, एक संपूर्ण सातवी ‘ब’ आणि मेथीवाला हजर असतात. संध्याकाळपर्यंत चौकात फ्लेक्स लागतो. तो माजी विद्यार्थ्याच्याच दुकानात, फुकट छापलेला असतो. त्यावर बाईंचा फेटेवाला फोटो आणि खाली ‘भावपुर्ण श्रध्दांजली’. एका ओळीत दोन चुका, आणि त्या दुरुस्त करू शकणारी गावातली एकमेव व्यक्ती फोटोत.

शोकसभेचे स्वरूप ठरलेले आहे. प्रत्येक वक्ता ‘बाईंविषयी काय बोलावं’ अशी सुरुवात करतो आणि पुढची वीस मिनिटे स्वतःविषयी बोलतो : मी चौथीत होतो, मला वक्तृत्वात बक्षीस मिळालं, आज माझे दोन पेट्रोल पंप आहेत. मधे कुठेतरी बाईंनी मारलेल्या छडीचा उल्लेख येतो आणि ‘त्या छडीने घडलो’ यावर टाळ्या पडतात. २००९ च्या ज्या कायद्याने छडीला मनाई केली, त्याला संसदेत पाठिंबा देणारेही इथे छडीचे गोडवे गातात. बाई कोणते पुस्तक वाचत, त्यांना कोणती भाजी आवडे, गाणे येत होते की नाही, यांविषयी सभेत माहिती मिळत नाही. ती नसतेच कोणाकडे. बाई वर्गात असताना पोरे फळ्याकडे पाहत होती, बाईंकडे नव्हे.

ती माहिती कपाटात निघते. वरच्या कप्प्यात आदर्श शिक्षिकेची तीन प्रशस्तिपत्रे, एकावर नाव चुकलेले. खाली अर्धवट वापरलेल्या खडूंचा डबा, कारण शाळेचे खडू संपले की बाई पदरचे नेत. पोस्टाच्या पासबुकाच्या जोडीला एक चौकटीची वही, तिच्यात पस्तीस वर्षांची फी : अमक्याची सहलीची फी भरली, तमकीला गणवेश घेतला, रक्कम, तारीख, आणि परत आले का, या रकान्यात सगळीकडे आडवी रेघ. मुलांना त्या रकमांवरून तारखा जुळवता येतात. थोरल्याला सायकल मिळायची होती ती पुढच्या वर्षावर गेली, त्या महिन्यात दोन मुलींची परीक्षा फी भरलेली असते. थोरला वही मिटतो आणि म्हणतो, ‘माझी सायकल गावभर फिरली म्हणायची.’ मग धाकटी आणखी एक वही काढते. तीत दोघांच्या पहिल्या पडलेल्या दातांपासून दहावीच्या निकालापर्यंत सगळे लिहिलेले असते, तारखेसह, सुवाच्य अक्षरात, शुद्धलेखनाची एकही चूक न करता. मार्कांच्या ठिकाणी प्रत्येक वेळी कापलेले ते दोन मार्क पेन्सिलीने पुन्हा मिळवलेले असतात.

ज्यांच्या बाई अजून हयात आहेत, त्यांनी फ्लेक्सची वाट न बघता एखाद्या संध्याकाळी त्यांच्या घरी जावे. दुपारी दोन ते चार जाऊ नये, त्या झोपतात. पेढे नेऊ नयेत, साखर वाढलेली असते. पाया पडल्यावर आपली जागा सांगावी, नाव नंतर सांगावे. आणि निघताना चहाचा ट्रे घेऊन मधे उभ्या असलेल्या त्यांच्या मुलालाही बसवून घेऊन चार प्रश्न विचारावेत. त्याच्याकडे सांगण्यासारखे पुष्कळ आहे आणि त्याला ते आजवर कोणी विचारलेले नाही.